मेडिकल कोडिंग म्हणजे नुसती यादी पाठ करणं का? सीपीटी शिकू की आयसीडी-१०-पीसीएस?

प्रश्नातलं 'नुसती' वाचलं आणि लिहायला बसलो, नाहीतर अशा प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. विचारणारी मुलगी फोंड्याची आहे, बीएस्सी झाली आहे, आणि क्लासवाल्याने तिला सांगितलंय की कोडांची यादी पाठ झाली की नोकरी पक्की. बाय, त्या क्लासची फी भरू नकोस.

मी गोव्यातल्या एका खासगी इस्पितळात इन्शुरन्स डेस्कवर अठरा वर्षं काढली. आधी रेकॉर्ड रूमला होतो, फायली शिवायला.

तुझ्या प्रश्नाचा सोपा भाग आधी उरकतो. मेडिकल कोडिंग म्हणजे पेशंटला काय झालं आणि त्याच्यावर काय केलं, ते ठरावीक कोडांत लिहिणं. सीपीटी हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं, १९६६ पासूनचं, पाच आकडी. तिथल्या डॉक्टरांची बिलं आणि ओपीडीतली कामं त्यात जातात. आयसीडी-१०-पीसीएस सात अक्षरी, आणि ते फक्त भरती झालेल्या पेशंटच्या इस्पितळाच्या बिलासाठी. नावात आयसीडी-१० आहे म्हणून हे जागतिक आरोग्य संघटनेचं, असं क्लासवाले छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. संघटनेचं आयसीडी-१० आजारांचं आहे. पीसीएस अमेरिकन सरकारने स्वतःसाठी करून घेतलं. संघटनेचं स्वतःचं वर्गीकरण वेगळं आहे, आयसीएचआय. त्यात तीन गोष्टी विचारतात: कशावर केलं, काय केलं, कशा मार्गाने केलं. ऑपरेशनच नव्हे, लसीकरणासारखी कामंही त्यात बसतात. मला विचारशील तर डोक्याने सगळ्यात सरळ तेच आहे, पण त्याच्यावर पगार देणारा गोव्यात मला अजून भेटलेला नाही.

आता गंमत बघ. आपल्याकडे मेडिक्लेमचा जो फॉर्म आहे, त्याच्या इस्पितळाने भरायच्या भागात 'आयसीडी-१० पीसीएस' असा रकाना आहे. अमेरिकेतल्या इस्पितळांना ते लागू झालं १ ऑक्टोबर २०१५ ला. आमच्या फॉर्मवर तो रकाना त्याच्या आधीच येऊन बसला होता. कुणालाच तो नीट भरता येत नव्हता. निम्म्या फॉर्मवर कोरा जायचा, उरलेल्यांवर आम्ही जुन्या फॉर्मवरून उतरवायचो. यादी पाठ असणं म्हणतात ते हेच. मला पाठ होती.

२०१४ चा पावसाळा. सासऱ्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. मेहुण्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती, आईवडील धरून. घरचा माणूस डेस्कवर आहे म्हटल्यावर डिचोलीहून सगळं बिऱ्हाड आमच्याच इस्पितळात आलं. प्री-ऑथ, म्हणजे इन्शुरन्सकडे आगाऊ मंजुरीची मागणी, मीच पाठवली: दुर्बिणीतून पित्ताशय काढणे, दोन दिवस. कोड टाकला ०-एफ-टी-४-४-झेड-झेड. हा मी झोपेतही सांगेन. पहिलं शून्य म्हणजे शस्त्रक्रियेचा विभाग, एफ म्हणजे यकृत-पित्ताची संस्था, टी म्हणजे अवयव पूर्ण काढला, मग ४ म्हणजे पित्ताशय, पुढचा ४ म्हणजे दुर्बिणीचा मार्ग. शेवटचे दोन झेड म्हणजे आत काही बसवलं नाही आणि आणखी सांगण्यासारखं काही नाही.

आत गेल्यावर सर्जनला दिसलं की पित्ताशय आतड्याला आणि आजूबाजूला घट्ट चिकटलंय. थोडा वेळ प्रयत्न केला, रक्त यायला लागलं, आणि शहाण्या माणसासारखं त्याने पोट उघडलं. बरगडीखाली वीतभर चीर. दोन दिवसांचे आठ दिवस झाले, ड्रेन पाचव्या दिवशी निघाला. बाहेर पाऊस इतका की मेहुणा रोज रेनकोट पिळून वॉर्डात यायचा आणि सिस्टरची बोलणी खायचा.

शनिवारी दुपारी डिस्चार्ज. सगळ्यांना घरी जायची घाई, मला डेस्क बंद करायची. डिस्चार्ज समरीच्या मथळ्यावर टाइप झालं होतं 'लॅप कोले', म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. खाली तिसऱ्या परिच्छेदात, औषधांच्या वर, एका ओळीत 'कन्व्हर्टेड टू ओपन'. सर्जनने हाताने लिहिलेली ऑपरेशन नोट फाइलमध्ये होती, पण ती चौथ्या दिवशी लिहिलेली आणि मागच्या बाजूला टाचलेली. मी मथळा बघितला, प्री-ऑथचा कागद बघितला, तोच कोड उतरवला आणि पाठवून दिला.

दोन तासांनी टीपीएचं, म्हणजे इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्यांचं, उत्तर आलं: दुर्बिणीच्या ऑपरेशनला आठ दिवस का? तीन दिवसांची खोली मंजूर, बाकी पेशंटने भरावं. एकतीस हजार चारशे. मेहुण्याने कार्ड काढलं आणि मशीनवर पिन दाबता दाबता सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं म्हणाला, "भावजी, तुमच्याच काउंटरवर भरतोय हां मी."

सोमवारी मी ती नोट पहिल्यांदा वाचली. नीट, बसून. पीसीएसचा नियम असा आहे की दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागलं तर कोड दोन लागतात: दुर्बिणीतून नुसती पाहणी, ०-एफ-जे-४-४-झेड-झेड, आणि उघड्या मार्गाने पूर्ण काढणं, ०-एफ-टी-४-०-झेड-झेड. पाचवं अक्षर ४ ऐवजी ०, एवढाच फरक, आणि त्या शून्यात सासऱ्यांची वीतभर चीर. (सीपीटीत अशा वेळी फक्त उघड्या ऑपरेशनचा कोड जातो, ४७६००. दुर्बिणीचा ४७५६२ जात नाही. दोन्ही पद्धती एकच काम वेगळं मोजतात, म्हणून एक येते तर दुसरी येईलच असं समजू नकोस.) दोन्ही कोड, नोटची झेरॉक्स आणि सर्जनचं दोन ओळींचं पत्र लावून पुन्हा पाठवलं. चार महिन्यांनी बावीस हजार परत आले.

सर्जनकडे पत्र मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "कोडबिड हे कारकुनी काम आहे, मला त्यात ओढू नका." हे मी विसरलेलो नाही. अहो, तुम्ही नोट चौथ्या दिवशी लिहिणार, मथळा टायपिस्टवर सोडणार, आणि कारकून मी? पीसीएसमध्ये अवयव पूर्ण काढला तर एक शब्द, थोडा काढला तर दुसरा. त्यातही यकृताचा डावा खंड संपूर्ण काढला तर तो 'पूर्ण'च धरायचा, कारण त्या खंडाला स्वतःचं वेगळं अक्षर आहे. हे यादीवरून कळत नाही. नोट वाचावी लागते, शरीर ठाऊक असावं लागतं, आणि नोटेत नसेल तर डॉक्टरच्या मागे लागून लिहून घ्यावं लागतं. तिसरं सगळ्यात कठीण. त्याचा क्लास कुठे निघालेला मी तरी पाहिला नाही.

आणखी एक. इथे लोक पॅकेज-कोडांनाच मेडिकल कोडिंग म्हणतात. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ ला आली, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. मग २०१८ ला आयुष्मान भारत आली. त्यांच्या पॅकेजांना नंबर आहेत, पण ते दरपत्रक आहे. कुठल्या कामाचे किती पैसे, एवढंच ते सांगतं. वर्गीकरणाला पैशाशी देणंघेणं नसतं, काय झालं ते लिहायचं असतं. ज्याला हा फरक कळत नाही त्याने मला फोन करून 'अपेंडिक्सचा कोड सांग' म्हणू नये. कुठला? उघडा की दुर्बिणीचा? फुटलेलं होतं का? कुठल्या पद्धतीत?

तुझं काय ते राहिलंच. अमेरिकेच्या बिलांचं काम करणाऱ्या कंपन्यांत जायचं असेल तर सीपीटी आणि त्यांचं आजारांचं आयसीडी-१०-सीएम आधी शीक. पीसीएस नंतर, इस्पितळाच्या इनपेशंट कामाला हात घालशील तेव्हा. पण त्याच्याही आधी सहा महिने शरीररचना आणि ऑपरेशनच्या नोटा. ओळखीचं कुणी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा कुठेही रेकॉर्डला असेल तर नाव झाकलेल्या जुन्या नोटा वाचायला मिळतात का बघ. कामं बहुतेक चेन्नई-हैदराबादकडे आहेत. घरून काम मिळतं, पण पहिल्या वर्षी कुणी सहजी देत नाही. पुस्तक सेकंडहँड घेऊ नकोस: सीपीटी दर जानेवारीला बदलतं, पीसीएस दर ऑक्टोबरला.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या टीपीएवाल्याने माझा कोड बघितला की नुसता मथळा, हे मला आजही ठाऊक नाही. कोड बरोबर असता तरी मथळ्यावरून त्याने कापलं असतं कदाचित. नोट न वाचता कोड टाकला ही चूक माझी. मी ती कबूल केली आहे, पण मेहुण्याला पुरत नाही. दर चवथीला आरती झाली की तो विषय काढतो, मग सासरे सदरा वर करून ती चीर दाखवतात आणि म्हणतात, "हें पळय तुजें कोड." सगळे हसतात. मीही.

फक्त त्याने एकतीस हजार चारशे हा आकडा सांगणं बंद करावं. बावीस परत आले. उरलेल्या नऊ हजार चारशेत ग्लोव्ह्ज, डायपर आणि सासूबाईंचं आठ दिवसांचं जेवण होतं, त्याला जगातला कुठलाच कोड लागत नाही.