पिकअपला ऑल-टेरेन टायर घ्यावेत का, आणि घ्यायचेच तर कोणत्या पैशातून?

धारूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, सोबत नऊ एकर शेती. 2018 ची डबल कॅब पिकअप आहे, मागच्या दोन चाकांवर चालणारी, माल वाहतुकीसाठी नोंदलेली. वर्षाला 20,000 किलोमीटर रनिंग, त्यातलं साधारण पाव मुरमाच्या आणि पांदणीच्या रस्त्यांवर. मागच्या वर्षी दोन टायर कडेने फाटले, तेव्हा वेळ मारून न्यायला सेकंडहँड टाकले. आता चारही बदलायचे आहेत. बीडच्या दुकानदाराने तीन भाव दिले: परदेशी ब्रँडचे ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे) 18,500 रुपयांना एक, देशी कंपनीचे ऑल-टेरेन 12,500 ला, आणि साधे हायवे-टेरेन (मुख्यतः डांबरी रस्त्यासाठीचे) 9,500 ला. त्यांचं मन परदेशी टायरवर आहे, कारण "पावसाळ्यात शेतकऱ्यांच्या रानापर्यंत खत पोचवताना गाडी काळ्या मातीत फसते." चौघांचे होतात 74,000. त्यासाठी मुलीच्या लातूरच्या अकरावी प्रवेशासाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी मोडावी, दुकानदाराचा सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घ्यावा, की पीककर्जाच्या खात्यातून काढावेत, हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी सहज एक वाक्य आहे: "घरात 30 क्विंटल सोयाबीन आहे, भाव वाढायची वाट बघतोय, सध्या मोंढ्यात 4,500 चालू आहे."

दादा, माझं उत्तर आधीच सांगतो. परदेशी घेऊ नका, देशी ऑल-टेरेनही या खेपेला नको. चांगल्या कंपनीचे चार हायवे-टेरेन घ्या, आणि ते सोयाबीन विकून घ्या. एफडीला हात लावू नका.

ज्या अडचणीसाठी तुम्ही 74,000 घालायला निघालात, ती या टायरने सुटत नाही. ऑल-टेरेनची नक्षी मुरूम, खडी, धूळ, गवत आणि खडबडीत रस्ता यांसाठी केलेली असते. आपली काळी माती भिजली की लोण्यासारखी होते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीतच झाला. त्यातून गाडी टू-व्हील ड्राइव्ह, मागे टनभर खत. अशा रानात 18,500 चा टायरही जागेवरच फिरतो. त्या परदेशी टायरवर बहुधा डोंगर आणि बर्फाच्या चांदणीची खूण असेल, ती बर्फावरच्या चाचणीची असते. आपल्या बालाघाटच्या डोंगरात तिचा काय उपयोग? मृगात ओल पडली की गाडी डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यावर थांबवायची आणि पुढचं अर्धा किलोमीटर शेतकऱ्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने न्यायचं, हाच मार्ग सगळ्यात स्वस्त आहे. वर्षातून दहा-बारा वेळा ट्रॉलीचं भाडं द्यावं लागलं तरी चालेल.

आता फाटलेल्या टायरचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 1418 असा आकडा दिसतो. म्हणजे टायर 2018 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी रबर इतक्या वर्षांत कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात, आणि मे महिन्यात 42 अंशांत भरलेली गाडी धारूरचा घाट चढते तेव्हा ते आणखी थकतं. म्हणून फाटण्याचा दोष मी हायवे-टेरेन या प्रकाराला देत नाही. वय झालेलं रबर, जास्तीचा भार आणि कमी हवा, हे तिन्ही एकत्र आलेले दिसतात. डीएपीची गोणी 50 किलोची, 22 गोण्या टाकल्या की 1,100 किलो झाले. टायर फाटले त्या दिवशी हवा किती होती, हे पत्रात नाही. भरल्या गाडीला किती हवा हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेवढीच ठेवायची.

हिशेब किलोमीटरला किती पडतो यावर करू. टायर किती चालतील याचे माझे अंदाज तुमच्या रस्त्यांचा विचार करून धरले आहेत. हायवे-टेरेन 50,000 किलोमीटर चालले तर 38,000 रुपयांचे किलोमीटरला 76 पैसे. देशी ऑल-टेरेन 45,000 चालले तर 50,000 रुपयांचे 1 रुपया 11 पैसे. परदेशी 55,000 चालले तर 1 रुपया 35 पैसे. इथपर्यंत सगळेच करतात. पण ऑल-टेरेन वजनाला जड आणि रस्त्याला जास्त घासतो, त्यामुळे डिझेलही थोडं जास्त पितो. गाडी 12 चं ॲव्हरेज देते, ते साडेअकरावर आलं आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर किलोमीटरला आणखी 33 पैसे जातात. तुमच्या रनिंगला वर्षाचे साडेसहा हजार. हा खर्च टायरच्या बिलावर कधीच दिसत नाही, पंपावर थोडा थोडा जातो.

सगळं मिळून हायवे-टेरेनचा वर्षाचा खर्च 15,200, देशी ऑल-टेरेनचा सुमारे 28,700 आणि परदेशीचा सुमारे 33,400. पहिल्या दोघांत साडेतेरा हजारांचा फरक आहे, आणि तो तुम्ही फक्त कच्च्या रस्त्याच्या 5,000 किलोमीटरसाठी मोजणार, म्हणजे कच्च्यावरच्या प्रत्येक किलोमीटरला 2 रुपये 70 पैसे. बाकीच्या 15,000 किलोमीटरवर तो टायर तुम्हाला आवाजाशिवाय विशेष काही देत नाही, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला बहुतेक ऑल-टेरेन हायवे-टेरेनपेक्षा जास्त अंतर घेतात. निम्म्याहून जास्त रनिंग खडीवर असतं, एखाद्या क्रशरवर किंवा धरणाच्या कामावर गाडी लावलेली असती, तर मीच देशी ऑल-टेरेन घ्या म्हटलं असतं.

त्यापेक्षा भार पेलण्याचा आकडा बघा. साइजच्या पुढे तो छापलेला असतो. तुमच्या 245/70 आर 16 या एकाच साइजमध्ये 107 चा टायर मिळतो आणि 111 चाही. 107 म्हणजे एका टायरवर 975 किलो, 111 म्हणजे 1,090 किलो. खताची गाडी आहे, 111 मागा, पाच-सातशे रुपये जास्त पडले तरी. त्याच्यापुढचं इंग्रजी अक्षर वेगाचं असतं, त्यात तुम्हाला अडकायचं कारण नाही, मालाच्या गाडीने 80 च्या पुढे जायचंच नाही. दुकानदार एक साइज मोठा, 265/70, सुचवतो आहे असं लिहिलंय. नको. त्याने चाकाचा व्यास पावणेचार टक्क्यांच्या आसपास वाढतो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीला वाद घालायला मुद्दा मिळतो. विम्याचं आणखी एक: नुसता टायर फाटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. गाडीचंही सोबत नुकसान झालं तरच टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात.

तुमच्या भावाने रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले टायर, सुचवलेत, ते भरल्या गाडीने घाट चढणाऱ्याला मी कधीच सुचवणार नाही.

आता पैशाकडे येतो, कारण मला जास्त काळजी तिथली वाटते. मुदतीआधी एफडी मोडल्यावर बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापते. तो तोटा फार मोठा नाही. पण त्या पैशावर मुलीच्या प्रवेशाचं नाव लिहिलेलं आहे आणि तारीख जूनची आहे. जूनमध्येच तुमच्या दुकानात माल भरायची वेळ असते, तेव्हा हातात रोकड राहत नाही. कॉलेज आणि हॉस्टेलची फी उधारीवर चालत नाही. मग गावातल्या सावकारापर्यंत जायची वेळ येते, आणि तिथल्या व्याजापुढे टायरचा सगळा हिशेब वाहून जातो.

पीककर्जाला तर अजिबात धक्का लावू नका. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. टायरसाठी पैसे अडकून फेडीची मुदत हुकली, तर ही सवलत त्या वर्षी जाते. बिनव्याजी पैसा आहे, तो पिकासाठीच राहू द्या.

नो-कॉस्ट ईएमआयचं गणित तुमच्याच पत्रात आहे. दुकानदार रोखीला 3,000 रुपये सूट देतो, ईएमआयला देत नाही. म्हणजे 71,000 च्या मालाला सहा महिन्यांत 74,000 द्यायचे. दर महिन्याला हप्ता जात असल्यामुळे पैसे सरासरी साडेतीन महिनेच तुमच्याकडे राहतात. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातं, प्रोसेसिंग फी वेगळी.

मग राहतं ते सोयाबीन. तुमच्याकडे पैसे आहेत, पोत्यांत आहेत. ते तसेच ठेवून टायरसाठी उसने घेणं म्हणजे उसन्या पैशावर सोयाबीनच्या भावाचा अंदाज लावणं झालं. 2025-26 चा हमीभाव 5,328 आहे आणि मोंढ्यात 4,500 मिळतात, याचा त्रास मला कळतो. घाम गाळून पिकवलेलं आतबट्ट्याने द्यायला कुणाचंच मन होत नाही. तरीही सगळं विकू नका. 9 क्विंटलचे 40,500 येतील, तेवढ्यात टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट सगळं होतं. पुढे भाव 300 ने वाढला तर 9 क्विंटलवर 2,700 रुपये गेले असं म्हणा, त्यापलीकडे नाही. उरलेल्या 21 क्विंटलसाठी थांबायचंच असेल, तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. पणन मंडळाच्या या योजनेत गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी 6 टक्क्यांनी मिळतं. जूनला दुकानात माल भरायला ते कामी येईल, घरातली पोती उंदरांपासून वाचतील ते वेगळंच.

बिल कृषी सेवा केंद्राच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, बिलावर 18 च आहे ना ते बघा. 38,000 मध्ये सुमारे 5,800 रुपये जीएसटीचे असतात. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल, कंपोझिशन या ठोक कराच्या योजनेत नसाल, तर माल वाहतुकीच्या गाडीच्या टायरवर इनपुट क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. मात्र बियाण्यांच्या विक्रीवर कर नाही, आणि गाडी शेताला व घरालाही वापरता, तेवढा हिस्सा सोडावा लागेल. किती, ते तुमचे सीए सांगतील. धंद्यापुरता खर्च दुकानाच्या उत्पन्नातून वजाही होतो. शेतीचं उत्पन्न मुळातच करमुक्त असल्यामुळे तिकडे दाखवून काही फायदा नाही. आणि गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तिथेही टायर बघतात.

हे टायर माझ्या हिशेबाने अडीच वर्षं चालतील. आजपासून महिन्याला 1,300 रुपयांची आरडी सुरू केलीत तर पुढच्या सेटच्या वेळी पत्र लिहायची गरज पडणार नाही.

दुकानात चारही टायरवरचे डीओटीचे शेवटचे चार आकडे स्वतः वाकून वाचा, सहा महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर भाव पाडून मागा नाहीतर दुसरं दुकान बघा. स्टेपनी 2018 चीच आहे, ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला ठेवा, तिच्यावर खत भरून फिरू नका. आणि हवा बरोबर ठेवून, भार मर्यादेत ठेवूनही नवा टायर वर्षाच्या आत दगडाने कडेला फाटला, तर मला फोटोसकट कळवा. मग रस्त्याचाच दोष आहे असं मी मानेन आणि पुढचे दोन देशी ऑल-टेरेन मागच्या चाकांना घालायला सांगेन.