सरपण ओळखायचंय? आधी तीनच झाडं
एकदम वीस झाडांच्या मागे लागू नका. ही तीन पक्की करा:

- ऐन: काळपट साल, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली.
- धावडा: गुळगुळीत, पांढुरकी साल, खपल्या निघणारी.
- बाभूळ: खोल उभ्या चिरा, गाभा लालसर.

नवखे हमखास चुकतात ते इथे: उन्हात पडलेल्या ओंडक्याचं टोक बघून रंग ठरवतात. ते राखाडीच दिसणार! कोयत्याने ढलपी उडवा, आतला ताजा रंग बघा, लगेच नाकाशी धरा. वाळलेल्या लाकडाचा वास उतरलेला असतो. कोवळ्या फांदीवरून साल ठरवू नका, भेगा जून खोडालाच दिसतात.

बिब्ब्याला मात्र हात लावू नका. चिकाने फोड येतात; माझा अंगठा आठवडाभर सुजला होता.

खैर आणि शिवण ही झाडं पुढे बघू.