मोबाईलवर वायफाय चालतं, लॅपटॉपवर 'कनेक्टेड' दिसूनही नेट नाही. काय करावं?

त्याच वायफायवर मोबाईलला नेट मिळतंय म्हणता, म्हणजे राउटर आणि बाहेरची लाइन दोन्ही सुटले. आता राउटर बंद-चालू करत बसू नका, दुखणं लॅपटॉपच्याच पोटात आहे.

मी आधी आयपी पत्ता बघतो, म्हणजे नेटवर्कवर लॅपटॉपला मिळालेला नंबर. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय आणि तिथे आपल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज. खाली 'आयपीव्ही४ ॲड्रेस' दिसेल. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, वाट बघून विंडोजनेच एक लावून घेतलाय. नेटवर्क 'फरगेट' करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

पत्ता १९२.१६८ वाला असेल तरी लगेच निश्चिंत होऊ नका. त्याच पानावर 'आयपी असाइनमेंट' समोर 'मॅन्युअल' असेल तर चोर सापडला. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. ऑफिसात कुणीतरी पत्ता हाताने भरून दिला होता, १९२.१६८.१० वाला. घरचा राउटर १९२.१६८.१ वाला. दिसायला भाऊ-भाऊ, पण तिसरा आकडा वेगळा, म्हणून राउटरशी जुळेना; आणि माझी नजर चुकली. दोन दिवस राउटरला शिव्या घातल्या, तक्रारही नोंदवली. नेटवाला पोरगा आला, स्वतःच्या मोबाईलवर मॅच लावून म्हणाला, "काका, नेट तर पळतंय की!" तिथे 'ऑटोमॅटिक' केलं आणि मिनिटात चालू. त्याला चहा पाजून वाटेला लावला, काय झालं होतं ते सांगितलं नाही.

ऑटोमॅटिक असूनही अडलंय? कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) 'पिंग ८.८.८.८' द्या (टाइप अर्थात इंग्रजीत); हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता, तिथून उत्तर येतं का ते कळतं. उत्तर आलं तर नेट आहे, फक्त साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस रुसलंय. डीएनएस मॅन्युअल करून तोच ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं सॉफ्टवेअर) चालू राहिलं नाही ना, तेही बघा. लॅपटॉप जुना असेल तर घड्याळाकडेही नजर टाका, आतला सेल संपला की तारीख मागे जाते आणि बऱ्याच साइट उघडायलाच नकार देतात.

'नेटवर्क रिसेट' अगदी शेवटी. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात, तेव्हा आधी लिहून ठेवा. घरचा आठवत नसेल आणि कधी बदलला नसेल, तर राउटर उलटा करा, खाली स्टिकरवर असतो.