एआयएस (जहाजं आपली जागा रेडिओवरून आपोआप कळवतात ती यंत्रणा) रिसीव्हरचा डेटा वायफायवरून दोन-तीन टॅबलेटना एकाच वेळी कसा द्यायचा?

रिसीव्हरचा सिरियल डेटा वायफायवर देणाऱ्या कन्व्हर्टरचा सिरियल वेग ३८४०० बॉड ठेवा (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) आणि वायफायच्या बाजूला यूडीपी ब्रॉडकास्ट (एकदाच पाठवून सगळ्यांना देण्याची पद्धत), पोर्ट १०११० निवडा. त्या नेटवर्कवरच्या प्रत्येक टॅबलेटला तोच डेटा मिळेल. एनएमईए ०१८३ चा (बोटीवरची उपकरणं एकमेकांना डेटा देतात त्या प्रमाणपद्धतीचा) नेहमीचा वेग ४८००, पण एआयएसला ३८४०० लागतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. टीसीपीही (प्रत्येक टॅबलेटशी वेगळं कनेक्शन) चालतं, पण स्वस्त कन्व्हर्टर मोजकीच कनेक्शनं घेतात. यूडीपीत एखादी ओळ हरवली तरी बिघडत नाही, कारण चालती मोठी जहाजं दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा पुन्हा कळवतात.

ओपनसीपीएन या सागरी नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये येणारा कच्चा डेटा उघडून बघा. ओळी ‘!एआयव्हीडीएम’ने (रोमन अक्षरांत) सुरू होत असतील तर जमलं. नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसली तर वेग चुकलाय, नाहीतर अधिक-उणे तारा उलट्या लागल्यात.

मात्र आधी रिसीव्हरचं आउटपुट तपासा: ते आरएस-४२२ (सिरियल जोडणीचा एक प्रकार) असेल तर कन्व्हर्टरही आरएस-४२२ चाच घ्या. आरएस-२३२ या दुसऱ्या प्रकाराला थेट जोडलं तर कधी चालतं, कधी नाही. समुद्रात अशा जोडणीवर भिस्त ठेवू नका.