क्वांटम कॉम्प्युटर २१ च्या पुढे जात नाही, मग आरएसए फुटणार ही आवईच का?

तुम्ही निपाणीचे, म्हणजे शेजारचेच. तुमचा प्रश्न असा, की २०१२ मध्ये २१ चे अवयव पाडल्यावर गाडी तिथेच अडली असेल तर बँकेच्या कुलपाची काळजी कशाला? हे कुलूप म्हणजे आरएसए: प्रचंड मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड, यावर टिकलेली माहिती गुप्त ठेवायची पद्धत.

मी फिजिक्सचा एमएस्सी, पण पोटापाण्याला बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत रिजेक्शन मोजतो. तुमचं उत्तर रिजेक्शनमध्येच आहे.

क्वांटम कॉम्प्युटरवर अवयव पाडायची रीत गणितज्ञ पीटर शोरने मांडली १९९४ मध्ये. २००१ मध्ये ७ क्युबिटांवर (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) १५ चे ३ आणि ५ निघाले. पण १५ म्हणजे १६ ला एक कमी, हा लाडावलेला आकडा. दोनाने गुणून १५ ने भागल्यावरची बाकी काढायची तर चार बिट नुसते एक घर गोल सरकवायचे (टोकाचा बिट दुसऱ्या टोकाला), खरा गुणाकार नाहीच! २१ ला ही सवलत नाही, म्हणून तिथे उत्तर आधीच ठाऊक धरून सर्किट छाटलं होतं. २०१९ मध्ये ३५ वर प्रयत्न झाला, तो चुकांच्या ढिगात बुडाला. मोठमोठ्या संख्या फोडल्याच्या बातम्या येतात, त्यांत बहुतेकदा संख्याच सोयीची निवडलेली असते.

आजच्या चांगल्या मशीनवर दोन क्युबिटांची क्रिया हजारात साधारण एकदा बिघडते. आमच्याकडे हजारात एकच कास्टिंग बाद झालं तर मालक कुंदा वाटेल. पण इथे प्रत्येक क्रिया आधीच्या क्रियेवर उभी. हजार क्रिया सलग नीट होण्याची शक्यता ३७ टक्के, दहा हजारांची जवळपास शून्य. २०४८ बिटांच्या आरएसएला अब्जावधी लागतात.

म्हणून किती मोठी संख्या फोडली हे बघूच नका, चूक किती आटोक्यात आली ते बघा. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्युबिटांच्या विलो चिपवर क्युबिटांचा गट वाढवला तशी चूक घटली. तिथे त्या गटाचा मिळून एकच पक्का क्युबिट सांभाळला होता, हिशेब केला नव्हता. तरी मला तीच मोठी बातमी वाटते. आरएसए फोडायला लागणारी कागदावरची गरजही उतरतेय: २०१९ चा अंदाज २ कोटी क्युबिट, २०२५ चा १० लाखांहून कमी.

तुमचा आजचा ओटीपी सुरक्षित आहे. पण वीस वर्षं गुप्त राहायला हवी अशी माहिती कुणी आजच साठवून ठेवली, तर ती पुढे उघडता येईल. त्यासाठीच अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरपुढे टिकतील अशा नव्या कुलपांची मानकं जाहीर केली.