पाना-पकड : बर्फ पडायच्या आधी

खंडेनवमी झाली. कॅनडात, मिसिसागाच्या आमच्या गॅरेजमध्ये दरवर्षी पाट मांडून त्यावर टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की ‘टक्’ वाजणारा पाना), गोट्यांची म्हणजे सॉकेटची पेटी आणि वीज मोजायचा मल्टिमीटर ठेवतो, हळदकुंकू वाहतो. बायको बजावते, मीटरवर कुंकू सांडू नका, मागच्या वर्षी त्याची चकती अडकली होती. चिंचवडला अप्रेंटिस होतो तेव्हा लेथला झेंडूचा हार असायचा. इथे दहिवरानं झेंडू जळला नसेल तर जॅकच्या दांड्याला दोन फुलं. पूजा झाली की हत्यारं परत पेटीत जात नाहीत, कारण पुढचे चार आठवडे त्यांचेच असतात. बर्फात गाडीखाली शिरायची वेळ येऊ नये, म्हणून हिवाळ्याची कामं पानगळीत उरकायची. या वेळी आलेल्या पत्रांतली चार घेतो आहे.

काका, पुण्याहून येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. जूनमध्ये ब्रॅम्प्टनला घर घेतलं, आता स्वतःचं गॅरेज आहे. गाडी २०१६ची कोरोला. गेल्या वर्षी टायर बदलायला दुकानात तीन तास ताटकळलो, यंदा घरीच करणार. हिवाळी टायर वेगळ्या रिमवर चढवलेले आहेत. दोनशे नगांची हत्यारांची पेटी सेलवर आहे, ती घेऊ का? अजून काय लागेल?

पेटी राहू द्या. त्या दोनशे नगांत बरेचसे तर इवलेसे स्क्रूड्रायव्हरचे बिट असतात. तुमच्या चाकाच्या नटाला लागते २१ नंबरची गोटी, आणि पुष्कळ पेट्या १९वरच संपतात. १९ची शेजाऱ्याच्या सिव्हिकला लागेल, म्हणून दोन्ही सुट्या घ्या. अर्ध्या इंची चौकाच्या, लांब आणि सहा पैलूंच्या. बारा पैलूंची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते, मग तो नट काढायला माझ्यासारख्याला बोलवावं लागतं. (१० नंबरची गोटी मात्र दोन घ्या. एक हरवतेच. कुठे जाते ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.)

माणसं आधी जोर लावायची हत्यारं घेतात. माझ्या मते पहिला पैसा गाडीला आधार देणाऱ्या वस्तूंवर घालावा, दुसरा मोजणाऱ्या वस्तूंवर, आणि उरला तर जोरावर.

आधार म्हणजे दोन टनी चाकांचा जॅक आणि उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडची जोडी. डिकीतला घडीचा जॅक रस्त्यात स्टेपनी लावण्यापुरता असतो, त्यावर चार चाकांचा संसार मांडू नका. ब्रॅम्प्टनचे ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरते असतात, तेव्हा गाडी आत सपाट काँक्रीटवर घ्या, हँडब्रेक ओढा आणि जे टोक उचलणार त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. दाराखालच्या पत्र्यावर दोन खाचा दिसतील, त्यांच्या मधोमध.

आता मोजमाप. टॉर्क रेंचवाचून घरी चाकाला हात लावू नये, हे मी अब्रू घालवून शिकलो. १९९८चा हिवाळा. अकरा वर्षं हातात पाना होता, ‘आपल्या हाताला कळतं’ असा तोरा होता. स्वतःच्या गाडीची चाकं अंदाजाने आवळली आणि सहकुटुंब मॉन्ट्रियलला निघालो. किंग्स्टनच्या अलीकडे ४०१ हायवेवर डाव्या बाजूने खडखड सुरू झाली. कडेला घेऊन पाहतो तर तीन नट बोटांनी फिरत होते. पाच वर्षांचा मुलगा खिडकीतून विचारत होता, “बाबा, तुम्ही मेकॅनिक आहात ना?”

जोर कमी पडला नव्हता. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा राहिला होता. शंभर-दोनशे किलोमीटर चाललं की तो चिरडतो आणि तेवढी जागा मोकळी होते, मग नट ढिला. म्हणून चाक काढलं की तारेच्या ब्रशनं हबची चकती लख्ख घासा. तिच्यावर अँटी-सीझ या लेपाचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे वसंतात चाक चिकटून बसणार नाही. मात्र ते बोल्टच्या आट्यांना लावू नका. आटे बुळबुळीत झाले की रेंच ‘टक्’ म्हणायच्या आधीच बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

कोरोलाचा आकडा १०३ न्यूटन-मीटर, म्हणजे ७६ फूट-पाउंड. रेंचवर दोन्ही मोजपट्ट्या शेजारी असतात आणि घोटाळा तिथेच होतो. १०३ जर फूट-पाउंडच्या पट्टीवर लावलात तर पडतात १४० न्यूटन-मीटर. नट चांदणीच्या क्रमानं, समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळा. शेवटची फेरी चाक जमिनीला टेकल्यावर. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा रेंच लावा. आणि टॉर्क रेंचनं नट सोडवायचा नाही, ते काम टॉमीचं, म्हणजे नट सोडवायच्या लांब दांड्याचं. काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते. हे रेंच ‘कॅनेडियन टायर’ या दुकानाच्या पत्रकात अधूनमधून निम्म्याहून कमी किमतीला येतात, तेवढी वाट बघा.

हवेचं मीटर आणि १२ व्होल्टवरचा छोटा पंप हेही याच रांगेत. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा एक पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) उतरते. तुमच्या गॅरेजमध्ये १५ अंश असताना ३३ भरलीत आणि बाहेर उणे १५ झालं, की सकाळी २८ दिसणार आणि डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागू शकतो. दरवर्षी पहिल्या कडक थंडीला मला याच दिव्यासाठी फोन येतात. उबेत भरत असाल तर तीन-चार पीएसआय जास्त भरा आणि थंडीत, गाडी हलवण्याआधी, पुन्हा मोजा.

टायर कधी बदलायचे? बर्फाची वाट पाहू नका. सात अंशांखाली साधं रबर कडक होतं, तेव्हा सकाळचं तापमान रोज सातच्या खाली राहू लागलं की बदला. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र आहे ना, ते बघून घ्या. आणि विमा कंपनीला कळवायला विसरू नका. २०१६पासून ऑन्टॅरिओत हिवाळी टायरला सवलत द्यावीच लागते, पण मागितल्याशिवाय कोण देतंय?

मी मॉन्ट्रियलला शिकते. जुनी गाडी घेतली आहे, ती रस्त्यावरच उभी असते, गॅरेज नाही. मीही घरगुती हत्यारं घ्यावीत का?

नको गं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जॅक ठेवून करशील काय? तुमच्याकडे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. सगळं शहर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जागं होतं, म्हणून दुकानाची वेळ ऑक्टोबरातच घेऊन टाक. बरीच दुकानं उन्हाळी टायर फी घेऊन सांभाळतातही, त्यामुळे ते जिन्यानं वर न्यायला नकोत. तुझ्यापुरतं बर्फाचा ब्रश, घडीचं फावडं आणि हवेचं मीटर पुरे. शिवाय सिलिकॉन ग्रीसची एक कांडी घे आणि आत्ताच कोरड्या दिवशी दारांच्या रबराला फिरव. जानेवारीत दार चौकटीला चिकटलं की त्यावर गरम पाणी ओतणारे लोक मी पाहिलेत. दोन मिनिटांनी तेच पाणी कुलपात गोठतं.

दादा, एडमंटनहून लिहितो आहे. गेल्या जानेवारीत उणे २८ला गाडी सुरू झाली नाही. उतरलेल्या बॅटरीला धक्का देणारा लिथियमचा जंप स्टार्टर मुद्दाम घेऊन गाडीत ठेवला होता, तोही मेला. इंजिन ऊबदार ठेवणारा ब्लॉक हीटर रात्रभर लावलेला होता. यंदा काय करू?

तुमचा जंप स्टार्टर मेला नव्हता, गारठला होता. लिथियमला थंडी सोसत नाही. शून्याखाली तर तो चार्जही करू नये. त्याची जागा गाडीत नाही, घरात दाराशी, बुटांच्या कप्प्यात. सकाळी हातात घेऊन जायचा.

पण मला शंका ब्लॉक हीटरची आहे. प्लग लावलेला होता हे खरं, हीटर चालू होता का? तुम्ही बघितलंत का? एडमंटनमध्ये प्रत्येक गाडीच्या तोंडातून वायर लोंबते, आणि ती वाकून-वाकून आतून तुटलेली असणं ही अगदी नेहमीची गोष्ट. वीस-पंचवीस डॉलरचा मल्टिमीटर ओहमवर लावा आणि, प्लग भिंतीतून काढलेला असताना, त्याच्या दोन चपट्या पिनांना टोकं टेकवा. ४०० वॅटच्या हीटरला ३६ ओहमच्या आसपास आकडा आला पाहिजे, ६००च्या हीटरला २४. काहीच आलं नाही तर तुम्ही रात्रभर एका तुटलेल्या वायरची राखण करत होतात. हीटर ठीक असेल तर रात्रभर लावायची गरज नाही, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. टायमर लावा, वीज वाचेल. एक्स्टेंशन वायर बाहेरच्या थंडीसाठी बनवलेलीच घ्या, १४ गेजची, तीन पिनांची. साधी वायर उणे वीसला वाळक्या काटकीसारखी होते.

त्याच मल्टिमीटरने बॅटरी बघा. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ला पाऊण, १२.२ला अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ यायला हवेत, नसतील तर दोष बॅटरीत शोधू नका, तिला भरणाऱ्या अल्टरनेटरकडे बघा. उणे १८ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं. म्हणजे कमावता अर्धा आणि खाणारे दुप्पट. बॅटरी पाच वर्षांची असेल तर ऑक्टोबरात बदला, जानेवारीची वाट बघू नका.

एक सांभाळा. भरलेली बॅटरी तुमच्याकडच्या थंडीतही गोठत नाही, पण पुरती उतरलेली उणे सातच्या आसपासच गोठते. बाजू फुगलेल्या दिसल्या तर जंपही नको आणि चार्जरही नको, फुटू शकते. पंधरा-पंधरा दिवस गाडी उभी राहत असेल, तर भरली की आपोआप थांबणारा लहान चार्जर लावून ठेवा. माझ्या पेटीत सर्वांत कमी आवाज आणि सर्वांत जास्त काम त्याचंच.

जाता जाता कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३७पर्यंत टिकतं. ‘जास्त घातलं तर जास्त चांगलं’ म्हणून निव्वळ ग्लायकॉल ओतू नका, ते एकटं उणे १३लाच गोठतं. मोजायला रेफ्रॅक्टोमीटर मिळतो, एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. नातवंडांना हे काम फार आवडतं.

भाऊ, मी नाशिकची. मुलाकडे सहा महिन्यांसाठी मिसिसागाला आले आहे. तो रोज सकाळी गॅरेजमध्येच गाडी सुरू करून दहा मिनिटं तापवतो, धुराचा वास स्वयंपाकघरात येतो. शनिवारी जॅकवर गाडी चढवून खाली शिरतो. मी काही म्हटलं तर म्हणतो, आई, तुला यातलं कळत नाही. तुम्हीच लिहा. आणि गॅरेजमध्ये मी बटाट्याचं पोतं ठेवलं आहे, ते चालेल ना?

ताई, तुम्हाला बरोबर कळतं. हा अंक त्याच्या ताटाशेजारी ठेवा.

धुराचा वास येतो ते एकापरी बरं, कारण त्याच धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅरेजचं मोठं दार उघडं ठेवलं म्हणूनही भागत नाही, तो वायू घराकडच्या दाराच्या फटीतून आत येतो. गाडी सुरू करायची आणि लगेच बाहेर ड्राइव्हवेवर घ्यायची. हल्लीच्या गाड्यांना दहा मिनिटं लागतही नाहीत. अर्धं-एक मिनिट थांबून सावकाश निघालं की चालवतानाच इंजिन लवकर तापतं. घरात मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, तो झोपण्याच्या खोल्यांपाशी आहे का, हे आज रात्रीच त्याच्याकडून तपासून घ्या. बटण दाबलं की किंचाळला पाहिजे.

जॅकचं म्हणाल तर, त्याला एवढंच विचारा, “स्टँड कुठे आहेत?” जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी स्टँड. आतलं तेल गळलं की जॅक सांगून खाली बसत नाही. दोन्ही बाजूंना स्टँड, गाडी हलवून बघणं, आणि काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवणं, एवढं झालं की मग खाली जायचं. मी अजूनही एकटा गाडीखाली शिरत नाही. बायको स्टुलावर बसून मटार सोलते. तुम्हीही बसा, तो कुरकुरला तरी बसा.

बटाटे मात्र आत घ्या. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास असतो, कूलंटही असतं. ते चवीला गोड आणि विषारी, म्हणून नातू रांगता असेल तर कॅन उंच फळीवर कुलपात ठेवायला सांगा. आणि एरवीही थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. डिसेंबरात भाजी केलीत तर सून म्हणेल, आईंनी गूळ जास्त घातला.