सहावी ते आठवीच्या मुलांची उन्हाळी सुट्टी: क्लास, शिबिर की आणखी काही?

तुमचा प्रश्न वाचला. मुलगी आठवीत जाणार, मुलगा सहावीत, तुम्ही दोघंही नोकरीला आणि सुट्टी जवळपास दोन महिन्यांची. पुढच्या वर्षाच्या गणिताचा क्लास आत्ताच लावावा की शिबिरात घालावं, हा पेच. आणि काहीच केलं नाही तर दोघं दिवसभर मोबाइल घेऊन बसतील ही धास्ती. याच वयाच्या मुलांना मी बरीच वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी क्लासचं. माझं स्पष्ट मत आहे की पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम सुट्टीत उरकू नये. घाईघाईत रीत तेवढी पाठ होते. मग वर्गात तोच धडा आला की 'हे मला येतं' म्हणून मूल कान देत नाही, आणि मुळात समजलेलं असतं अर्धंच. अशी मुलं लगेच ओळखू येतात. उत्तर बरोबर सांगतात, पण 'असं का?' विचारलं की गप्प होतात. त्यापेक्षा झालेल्या वर्षांतलं जे कच्चं राहिलंय ते पक्कं करून घ्या. या वयात ते बहुतेक वेळा अपूर्णांकच असतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली होती. प्राथमिक शाळेत असताना अपूर्णांक आणि भागाकार किती येतो, यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या बीजगणिताचा चांगला अंदाज बांधता येतो, असं त्यांना दिसलं. माझा वर्गातला अनुभव याहून वेगळा नाही.

'सुट्टीत सगळं विसरतात' या भीतीला किती महत्त्व द्यायचं? हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतले आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उन्हाळ्यानंतर मुलं सरासरी महिनाभर मागे गेलेली दिसली, वाचनापेक्षा गणितात जास्त. पुढे पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिलं की ही घसरण किती दिसते हे चाचणी कशी घेतली आणि गुण कसे मोजले यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. गणिताला थोडा हात राहू द्यावा, एवढं पुरे.

थोडा म्हणजे आठवड्यातून चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं. पद्धत मात्र महत्त्वाची. धडा पुन्हा वाचून काढायचा नाही. वही-पुस्तक मिटून वेगवेगळ्या धड्यांतली पाच गणितं सोडवायची आणि मग उत्तरं ताडून बघायची. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर ज्यांनी तो न बघता आठवून लिहिला होता ते पुढे होते. म्हणून आठवताना अडखळलं तर लगेच सांगू नका, जरा थांबा.

आता मुख्य मुद्दा. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाला वेळ घालवायचं साधन नको असतं. आपण करतोय त्याला घरात खरोखर किंमत आहे, असं त्याला वाटायला हवं असतं. त्यामुळे प्रत्येकाला सुट्टीभर पुरेल असं एकच काम द्या, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही.

माझं आवडतं काम विजेच्या मीटरचं. मुलीला रोज रात्री ठरलेल्या वेळी मीटरवरचा आकडा टिपून घ्यायला सांगा. (आकडा फक्त बघायचा. मीटर किंवा वायरला हात लावायचा नाही.) आजच्यातून कालचा वजा केला की दिवसाचे युनिट मिळतात. आठवडाभरात आलेख तयार होतो, आणि एखाद्या दिवशी तो उंच उडी मारतो. त्या दिवशी काय चाललं होतं, हे घरातल्या सगळ्यांना विचारत फिरणं हेच शिक्षण आहे.

पुढची पायरी आणखी मजेची. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास' असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट, म्हणजेच १ किलोवॉट-तास, वीज खर्च झाली. समजा तिने मिनिटभर मोजलं आणि १६ वेळा लुकलुकला. तासाचे झाले ९६०. ९६० भागिले ३२०० म्हणजे ०.३ किलोवॉट. या क्षणी घर ३०० वॉट खेचतंय! आता तुम्ही जवळ असताना १००० वॉटची इस्त्री लावा. मिनिटाला साधारण ५३ लुकलुकी वाढायला हव्यात. सुरुवातीला वाढतातही, मग अचानक कमी होतात, थोड्या वेळाने पुन्हा वाढतात. का? तापली की इस्त्री आपोआप बंद होते आणि निवली की सुरू होते. फ्रिजचंही तसंच, म्हणून त्याच्यासाठी मिनिटभर मोजून भागत नाही. गुणोत्तर, दशांश, एकक बदलणं, सरासरी, सगळं यात आलं, आणि 'हे शिकून उपयोग काय' असं एकदाही ऐकावं लागत नाही. शेवटी तिने घरात एक बदल सुचवावा आणि तुम्ही तो खरंच करून बघावा. पालक नेमकं इथेच मोडता घालतात. तिचं म्हणणं ऐकून सोडून दिलंत, तर पुढच्या वेळी ती कशाला मोजेल?

मुलाला लंबक द्या. दोरा, त्याला एक जड नट, आणि घड्याळ. टांगलेल्या टोकापासून नटच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवलं आणि झोका लहान दिला, की जाऊन परत यायला १ सेकंद लागतो. १ मीटर ठेवलं की २ सेकंद. एका झोक्याचा वेळ नीट मोजता येत नाही, म्हणून १० झोक्यांचा मोजून १० ने भागायचं. मग विचारा, ५० सेंटिमीटरला किती लागेल? आधी अंदाज कागदावर लिहायला लावा. 'दीड सेकंद' लिहिणारे पुष्कळ असतात. येतात सुमारे १.४. मग नट बदलून बघायचा, दोन नट लावून बघायचे. लांबी चौपट केली तरी वेळ दुप्पटच होतो, म्हणजे वर्गमूळ शिकायच्या कितीतरी आधी त्याची ओळख होऊन जाते.

अर्थात त्यांना स्वतःचं काही सुचलं तर तेच घ्यावं. एखादं वाद्य, सायकल खोलून जोडणं, आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करून लिहून काढणं, काहीही चालेल. आणि आठवड्यातलं एक जेवण दोघांच्या हाती सोपवा, काय करायचं इथपासून ओटा आवरेपर्यंत. त्यांनी बोलावलं तरच तुम्ही स्वयंपाकघरात जायचं.

वाचनात निवड पूर्ण त्यांची. चित्रकथा चालतील, खेळाडूंची चरित्रं चालतील, तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं तरी चालेल. वाचून झाल्यावर सारांश लिहायला लावू नका. त्यापेक्षा तेच पुस्तक तुम्हीही वाचा आणि जेवताना त्यावर वाद घाला.

शिबिरात घालायचं असेल तर एकच, आठवडा-दोन आठवड्यांचं आणि त्यांनी निवडलेलं. आयोजकांना दोन गोष्टी विचारा. गटात मुलं किती वयाची आहेत, आणि शेवटी मुलांनी स्वतः केलेलं काय असेल? तेरा वर्षांच्या मुलीला सात वर्षांच्या मुलांबरोबर कागद कापायला बसवलं तर ती दुसऱ्या दिवशी जाणार नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच शिबिरात मदतनीस म्हणून घेतलं तर मात्र ती आनंदाने जाईल.

मोबाइलचे नियम दोघांना बरोबर बसवून ठरवा, आणि त्यातला निदान एक नियम मोठ्यांनाही लागू असू द्या. जेवताना कोणाचाच फोन टेबलावर नाही, हा सगळ्यात सोपा. नुसतं बघत बसणं आणि काही बनवणं यांत फरक करा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये आणलेलं स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला शिकवणारं साधन) फुकट आहे, ८ ते १६ वयाच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे, आणि त्यात स्वतःचा खेळ तयार करता येतो. तो वेळ वेगळा धरावा. तुम्ही कामावर असताना दिवसाला तीनच खुंट्या पुरेत: सकाळचं गणित, दुपारी स्वतःचं काम, संध्याकाळी मैदान. ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी तासभर दम लागेल असा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधल्या वेळात कंटाळा आला तर येऊ द्या, लगेच उपाय शोधू नका.

उशिरा उठण्यावरून रोज वाद नको. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. तेरा वर्षांनंतर ८ ते १० तास झोप लागते, त्याआधी ९ ते १२. सुट्टीत तासभर उशीर चालेल, पण उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. शाळा सुरू व्हायला दहा-बारा दिवस उरले की ती दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा.